यंदाची यादी

आमच्या घरात ‘यादी’ हा शब्द वाण्याच्या सामानासाठी वापरण्याची सोय नाही. पूर्वी सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून “यादी कुठे ठेवली?” असे विचारले, की बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसलेले नाना ताडकन मान वर करीत आणि “आली?” म्हणत. मग तिला खुलासा करावा लागे, की ही साबुदाणा, हिंग आणि भांड्यांचा साबण यांची यादी आहे. नाना “हां” म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालीत. त्यांच्या लेखी यादी एकच. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात यंदा कोण कोण गाणार आणि वाजवणार, त्याची. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र नाना असे दचकत नाहीत. आम्हांला वाटले, म्हातारपणी माणूस निवळतो.

नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षे ८१. हयात टपाल खात्यात गेली, आणि तीही बरीचशी पत्रांची वर्गवारी करण्यात. चुकीच्या खणात पडलेले पाकीट दुरून ओळखावे तसे यादीत चुकून शिरलेले नाव ते ओळखतात, असा त्यांचा दावा आहे. यादी वर्तमानपत्रात आली की ते लाल-निळी पेन्सिल घेऊन बसतात. निळ्या टोकाने बरोबरची खूण, लाल टोकाने फुली, आणि ज्याच्याबद्दल मन साशंक आहे त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मग तो कागद माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, “बघ. ही काय यादी झाली?”

इथून आमच्या घरच्या महोत्सवाला सुरुवात होते. खरा महोत्सव डिसेंबरात होतो, आमचा नोव्हेंबरात.

अर्थात हा वाद एकट्या आमच्या घरातला नाही. त्या आठवड्यात पुण्यात चार माणसे जिथे जमतील तिथे दुसरा विषय नसतो. एक पक्ष म्हणतो, तीच ती नावे दरवर्षी किती ऐकायची? दुसरा म्हणतो, ही नवी नावे कोणाची, आम्ही तर कधी ऐकली नाहीत! आणि पुष्कळदा हे दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या अंगात सुखाने नांदत असतात. वाद्ये फार झाली म्हणणारे आहेत, नृत्य कशाला म्हणणारे आहेत, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ तर अमुक एका घराण्याचा एकही माणूस नाही म्हणून दरवर्षी तिकीट न काढण्याची प्रतिज्ञा करतात आणि पहिल्या दिवशी उशी, शाल व कॉफीचा थर्मास घेऊन आमच्या आधी मांडवात हजर असतात.

नानांचा पक्ष मात्र ह्या सर्वांहून निराळा आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ च्या सप्टेंबरात वारले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे शिष्य. रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, आणि पुढे किराणा घराण्याची धुरा वाहिली. दुसऱ्या वर्षी, १९५३ साली, त्यांच्या शिष्यांनी पुण्यात त्यांची पुण्यतिथी गाऊन साजरी केली. त्या शिष्यांतले प्रमुख भीमसेन जोशी. मागे आर्य संगीत प्रसारक मंडळ होते. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात जे आर्य संगीत विद्यालय काढले, त्याच्या नावाची आठवण ह्या नावात आहे. गुरुबंधू-भगिनी येत. हुबळीहून गंगूबाई हनगल येत. मुंबईहून फिरोज दस्तूर येत. पारशी घरातले हे गृहस्थ लहानपणी ‘लाल-ए-यमन’ ह्या बोलपटात चमकले होते. म्हातारपणी त्यांच्या बैठकीत ‘गोपाला’ची फर्माईश झाली नाही असे क्वचितच घडले असेल.

“तेव्हा लक्षात ठेव,” नाना म्हणतात, “हा जलसा नव्हे. ही पुण्यतिथी आहे. पुण्यतिथीला कोण मोठा, कोण छोटा, हे कुणी पाहत नाही. ज्याला बोलावणं आलं त्यानं येऊन सेवा करायची.”

नानांचे लहानपण मिरजेचे. तिथल्या दर्ग्याच्या आवारात, ज्या चिंचेखाली खाँसाहेब गात असत, तिथे उरुसात होणारे गाणे त्यांनी मांडीला रग लागेपर्यंत ऐकलेले. तिथे आपल्या लहानपणी कुणी यादी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही, असे ते सांगतात. “मग तुम्ही इथे लाल पेन्सिल घेऊन का बसता?” असे मी विचारले, की ते म्हणतात, “कारण इथे तिकीट आहे.” टपाल खात्यातला माणूस मुद्रांकाचा हिशेब सोडीत नाही!

माझा पक्ष सरळ होता. मी म्हणे, नाना, श्रद्धा आपल्या जागी ठीक आहे. पण पाच दिवसांचे तिकीट काढून हजारो माणसे बसतात, तेव्हा प्रश्न दर्जाचाच आहे. आणि दर्जा म्हणाल तर आजची तरुण मंडळी कुठेच कमी नाहीत. उलट तयारीने चार पावले पुढेच आहेत. मी म्हणे, जुन्या याद्या मोठ्या वाटतात, कारण त्यांतली सामान्य नावे आपण विसरून गेलो आहोत. आठवणीत मांडव असतो तो फक्त थोरामोठ्यांचा.

हे नुसते बोलण्यापुरते राहू नये म्हणून मी एकदा पुरावाच काढला. नानांनी महोत्सवाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. १९६६ साली त्यांची पुण्याला बदली झाली, तेव्हापासूनच्या. काही वर्षांच्या हरवल्या आहेत, एकीवर माझ्या बाळपणीच्या प्रतिभेचे नमुने आहेत. एका रविवारी मी डबा उघडून बसलो आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागलो. दर पत्रिकेत दोन-तीन नावे अशी निघाली की ती ना मला ठाऊक, ना नानांना आठवत.

“पाहिलंत?” मी विजयी मुद्रेने म्हणालो.

“काय पाहिलं? ती आठवत नाहीत म्हणजे ती वाईट होती असं नव्हे. तेव्हा तू झोपला होतास.”

“आणि तुम्ही?”

“मी तुझ्यावर पांघरूण घालत होतो.”

ह्यावर काय बोलणार? कारण ते खरे होते. त्या काळी रात्रभर गाणे चाले. नऊ-दहा वर्षांचा मी, कानटोपी आणि दोन स्वेटर घालून, सतरंजीवर नानांच्या मांडीला डोके लावून झोपत असे. एका पहाटे त्यांनी मला गदगदा हलवून उठवले. आभाळ नुकतेच फिकट होऊ लागले होते, मांडवातली माणसे शाली पांघरून गठ्ठ्यांसारखी बसली होती, आणि समोर भीमसेन गात होते. राग कोणता, ते मला तेव्हा कळत नव्हते. थंडीने नाक गळत होते, एवढे आठवते, आणि नानांचे डोळे ओले होते, हे आठवते. ते थंडीने असावेत असे मी समजलो.

आता नानांचे म्हणणे आणखी बारकाईने ऐकण्याजोगे आहे, आणि ह्या एका बाबतीत मी त्यांच्यापुढे पूर्वीच हात टेकले आहेत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही असे ठरले. नियम योग्यच आहे. गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत राहून पाहावे म्हणजे त्याची महती कळेल. पण त्या नियमाने रात्रभराच्या बैठका गेल्या. एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत मिळते, तेवढीच. दुपारी सुरू व्हायचे आणि दहाला मांडव आवरायचा. ह्यात रागसंगीताचे नेमके काय गेले, ते नाना बोटांवर मोजून दाखवतात. मध्यरात्रीचा दरबारी गेला. मालकंस रात्र चढल्यावरचा, तो घड्याळाकडे पाहत उरकावा लागतो. उत्तररात्रीचे, पहाटेचे राग, म्हणजे ललित, भटियार, हे तर आपल्या वेळी वाजण्यागाण्याचा प्रश्नच उरला नाही. उलट दुपारच्या मुलतानी-भीमपलासाला आणि संध्याकाळच्या मारवा-पूरियाला इतकी गर्दी, की पहिल्याने मुलतानी गायला तर दुसऱ्याने काय गावे, अशी पंचाईत.

“यादीतली माणसं काय मोजतोस?” नाना म्हणतात. “मिनिटं मोज. माणसाला पाऊण तास देतात. विलंबित ख्यालात षड्ज लावून, मंद्रात उतरून, एकेक स्वर उलगडत तार षड्जापर्यंत यायचं तर किराण्याच्या माणसाला तेवढा वेळ नुसता वर यायलाच लागतो. पोचला की दिवा लागतो. वेळ संपली! मग तो बिचारा सरळ ताना मारीत सुटतो. आणि तुम्ही म्हणता, तयारी काय आहे!”

हे मला पटते. यादीचा दर्जा नावांत नसून नावांच्या मधल्या जागेत आहे, ही गोष्ट मला नानांनी शिकवली. चांगल्या यादीत माणसे थोडी असतात. पण थोडी माणसे घ्यायची तर नव्यांना वाव कुठून द्यायचा? तरुणांना दुपारच्या पहिल्या जागेवर बसवायचे आणि ज्येष्ठांना रात्री, ही रीत जुनी आहे, आणि तिच्यातून पुढे आलेली माणसे आज रात्रीच्या जागेवर आहेत. नावे छाटायला घेतली तर पहिली कात्री त्या दुपारच्या जागेवर बसणार. मी हे विचारले की नाना पेन्सिल खाली ठेवून विचार करतात आणि म्हणतात, “मग दिवस वाढवा.” ह्या पोरांच्या तोंडी शोभणाऱ्या उत्तरावर आमचा वाद दरवर्षी काही काळ विसावतो.

पण अलीकडे नानांच्या तक्रारीत नवीनच कलम शिरले. ते म्हणू लागले, आजकालचे गायक शब्द खातात. बंदिशीत शब्दच कळत नाहीत, नुसता आ आणि ई. कुणी तंबोरे नीट जुळवीत नाही. जवारीच बोलत नाही. बासरीवाले नुसता वारा फुंकतात. संतूर म्हणजे लाकडावर लाकूड. ही कलमे वर्षागणिक वाढली आणि नानांची लाल पेन्सिल झिजू लागली. २०२२ साली, करोनाने दोन वर्षे बंद पडलेला महोत्सव पुन्हा भरला, तेव्हा तर त्यांनी जवळजवळ सगळ्याच नव्या नावांपुढे फुल्या मारल्या.

मी ह्या कलमावर त्वेषाने भांडलो. जुन्या पिढीचा हेकेखोरपणा, गतकाळाचा मोह, ‘आमच्या वेळी’ नावाचा रोग, असे काय वाटेल ते बोललो. व्याख्याते असल्याचा हा एक तोटा आहे. पन्नास मिनिटे न थांबता बोलण्याची सवय झालेली असते आणि घरात घंटा वाजत नाही. एकदा तर मी म्हणालो, “नाना, दोष गाण्यात नाही, ऐकणाऱ्यात आहे.” हे वाक्य मला पुढे फार दिवस छळणार होते.

गेल्या वर्षीची, म्हणजे डिसेंबर २०२४ ची गोष्ट. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला झाकिर हुसेन गेल्याची बातमी आली होती, आणि मुकुंदनगरच्या मांडवात जो तो त्यांच्याविषयीच बोलत होता. (महोत्सव २०१८ साली रमणबागेतून तिकडे गेला, ह्याही विषयावर नानांचे एक स्वतंत्र व्याख्यान आहे, ते इथे देत नाही.) संध्याकाळी एक तरुण गायिका बसली. गाणे असे चढत गेले की शेजारचे अनोळखी लोक एकमेकांकडे पाहून माना डोलावू लागले. द्रुत बंदिशीतला एक शब्द ती निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणत होती, आणि दर वेळी मांडवातून ‘वाहवा’ उठत होती. मी नानांकडे पाहिले. ते समोर एकटक पाहत होते. मग सगळे क्षणभर गप्प झाल्यावर ते मोठ्याने म्हणाले, “काय म्हणते आहे ही? शब्दच टाकत नाही!”

पुढच्या ओळीतली माणसे वळून पाहू लागली. एका मुलीने ओठांवर बोट ठेवले. नानांना आपला आवाज किती मोठा झाला ह्याची कल्पनाच नव्हती. मला लाज वाटली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, लहान मुलाला गप्प करतात तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हात बाजूला केला आणि मध्यंतर होताच “चल, थंडी वाजते” म्हणाले. परतताना रिक्षात आम्ही बोललो नाही.

उलगडा झाला तो संगीतावरून नव्हे, वरणावरून. जानेवारीत एके दिवशी सौभाग्यवती “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा” असे नानांना सांगून भाजीला गेली. परतली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास. कुकरने तीनाच्या तेरा शिट्ट्या दिल्या असतील. नाना चार हातांवर खुर्चीत बसून शब्दकोडे सोडवीत होते. “एकही झाली नाही,” ते शांतपणे म्हणाले. मग आम्ही एकेक गोष्ट जुळवू लागलो. दाराची किणकिणणारी घंटा त्यांना ऐकू येत नव्हती. फोन वाजलेला कळत नव्हता. ‘यादी’ म्हटल्यावर ते दचकेनासे झाले होते. चिरंजीव म्हणाला, “आजोबांना माझ्या मित्राचा आवाज येतो, मैत्रिणीचा येत नाही.” आम्ही ह्यावर हसलो, पण त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते.

कानतपासणीला मी नानांना घेऊन गेलो. त्यांना काचेच्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिले. आवाज आला की दाबायचे. मी बाहेर उभा होतो. मला आवाज ऐकू येत नव्हते. दिसत होता तो नानांचा अंगठा. सुरुवातीला तो झटपट दाबत होता, टपालावर शिक्के मारावेत तसा. मग मंद झाला. मग थांबला. तपासणाऱ्या बाई इकडे एकामागून एक आवाज पाठवीत होत्या, आणि तिकडे नाना अंगठा उचलून, मान किंचित तिरपी करून, मैफिलीत पुढच्या समेची वाट पाहावी तसे बसून होते.

बाईंनी आलेख दाखवला. डाव्या बाजूला, म्हणजे खालच्या आवाजांत, रेघ बरीचशी सपाट. आणि वरच्या आवाजांकडे जाताना खंडाळ्याच्या घाटासारखी खाली कोसळलेली. त्या म्हणाल्या, वयाने असेच होते. आधी उंच आवाज जातात. बोलण्यातले स्वर खालचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. व्यंजने बारीक आणि उंच असतात, ती जातात. त्यांतही स, श, त, क, फ, ही सगळ्यांत आधी.

मी वर्गात श, ष, स ही ऊष्म व्यंजने शिकवून शिकवून खडूची पुष्कळ धूळ खाल्ली आहे. पण स्वर आणि व्यंजन ह्यांतला फरक मला इतक्या स्पष्टपणे कधी कळला नव्हता. नुसता आ आणि ई! नाना अक्षरशः जे ऐकू येत होते तेच सांगत होते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या बारीक, उंच स्वरांची झळाळी. तीच गेली की तंबोरा बोलेनासा होतो. संतुराच्या तारेची किणकिण गेली की मागे कलमाचा ठोका राहतो, लाकडावर लाकूड. बासरीचा वरचा स्वर गेला की वारा उरतो. सर्व कलमे बिनचूक होती. टपाल खात्यातल्या माणसाने वर्गवारीत एकही चूक केली नव्हती.

बाईंनी विचारले, “घरात अलीकडे वाद वाढलेत का? ऐकू न आल्यामुळे गैरसमज होतात, चिडचिड होते.” मी म्हणालो, “वाद होतात, पण ते किराणा घराण्यावरून.” त्यांनी ते कागदावर लिहून घेतले की काय, कोण जाणे.

आता माझी स्थिती पाहा. जो वाद मी इतकी वर्षे घालीत होतो, तो जिंकण्याचा हुकमाचा एक्का माझ्या खिशात घडी करून ठेवलेला होता. तो टाकण्याची हिंमत मात्र नव्हती. नानांना आम्ही एवढेच सांगितले की वयोमानाने ऐकू थोडे कमी येते, मशीन लावावे लागेल. आणि मी निमूटपणे हरू लागलो. नाना म्हणाले, हल्ली शब्द खातात. मी म्हणालो, हो, खातात खरे. नाना म्हणाले, तंबोरे जुळवीत नाहीत. मी म्हणालो, कुणाला वेळ आहे! असे महिनाभर चालले. नाना माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहू लागले. एके दिवशी ते चहाचा कप आपटून म्हणाले, “भांड की! तुला झालंय काय? मी आजारी आहे का?”

पुढे उन्हाळ्यात काही कारणाने मी तो बिस्किटांचा डबा उघडला. सर्वांत वर २०२४ ची पत्रिका होती, आणि तिच्यात घडी करून ठेवलेला आलेख. तो माझ्या कपाटातून नानांनी कधी काढून घेतला, मला पत्ताच नव्हता. रेघ जिथून घाट उतरू लागते तिथे त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने, टपालाच्या वळणदार अक्षरात, खुणा केल्या होत्या. एका जागी ‘शब्द’. त्याच्या पुढे ‘जवारी’. अगदी खाली, जिथे रेघ तळाला टेकते, तिथे ‘कुकर’.

मी डबा तसाच हातात धरून बाहेर आलो. नानांनी चष्म्यावरून पाहिले.

“मला नकाशा वाचता येतो,” ते म्हणाले. “गावं कुठं कुठं गेली ते बघत होतो.”

“मला सांगायचं होतं तुम्हांला—”

“तू सांगितलं होतंस. दोष ऐकणाऱ्यात आहे म्हणालास ना?”

मी खाली मान घातली. नाना मात्र दुखावलेले दिसत नव्हते. वादात दुसऱ्याचा मुद्दा बरोबर निघाला की चांगल्या भांडखोराला एक प्रकारचे समाधानच वाटते, तसे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

मशीन आले. ते मुळात बोलणे ऐकण्यासाठी बनवलेले; गाण्यासाठी त्यात एक वेगळी कळ आहे, ती लावून आम्ही सगळे भोवती बसलो. चिरंजीवाने गंगूबाईंचे जुने ध्वनिमुद्रण लावले. तो भारदस्त, खोल आवाज खोलीत भरला. नाना मिनिटभर ऐकत राहिले आणि म्हणाले, “ही कोण?”

“गंगूबाई, आजोबा.”

“छे.” त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांची मान हलू लागली. “हां. ही गंगूबाई.”

आम्ही कुणी काही बोललो नाही. गाणे संपल्यावर ते आपणहून म्हणाले, “ही मला ऐकू येत नाहीये रे. ही मला पाठ आहे. जितकं येतं त्यावर बाकीचं मी भरतो.” आणि मग जरा थांबून, “नव्या पोरांचं काही पाठ नाही. तिथं काय भरणार?”

हळूहळू मशीनची सवय होते म्हणतात. बातम्या ते लावून ऐकतात. परवा कुकरची शिट्टी ऐकून दचकून उठले आणि दोनदाच झाली असताना गॅस बंद करून आले. त्या दिवशी आम्ही कच्ची डाळ खाल्ली आणि कुणी तक्रार केली नाही. गाण्याला मात्र अजून ते मशीन काढून ठेवतात.

गणपतीनंतर पावसाची झड लागली होती, तेव्हा नानांनी एक उद्योग केला. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःची यादी केली. पाच रात्री, संध्याकाळी सुरू, सकाळी समाप्त. नियम, परवाने, पोलीस, सगळे रद्द. प्रत्येक नावापुढे राग, आणि मिनिटे. कुणालाही दीड तासाच्या खाली नाही. रात्री एकला मल्लिकार्जुन मन्सूर, कोणता तरी अनवट राग. त्यापुढे कंसात ‘ते ठरवतील’. दस्तूर, पुढे ‘गोपाला’. गंगूबाई. एका रात्री उशिरा किशोरीताई, पुढे ‘वेळ लागेल, बसावे’. प्रभाताई अत्रे. वाद्यांना विरोध करणाऱ्या ह्या माणसाने शिवकुमार शर्मांना चक्क दोन तास दिले होते, आणि साथीला झाकिर. शेवटच्या पहाटे भीमसेन. त्यांच्यापुढे मिनिटे लिहिलेली नव्हती. २००७ साली, प्रकृती थकलेली असताना, ते ह्याच महोत्सवात शेवटचे गायले, तेव्हा आम्ही दोघे मांडवात होतो.

एकूण एक माणूस गेलेला. मी कागद वाचत होतो आणि घशाशी काहीतरी येत होते. ते लपवायला मी म्हणालो, “नाना, दर रात्रीची पहिली जागा रिकामी सोडलीत ती?”

खरेच, पाचही रात्री पहिली ओळ कोरी होती. पुढे मिनिटे मात्र लिहिलेली, इतरांइतकीच: नव्वद.

“ती नव्यांची,” नाना म्हणाले. “पहिल्या जागेवर नवाच बसतो. भीमसेनांच्या वेळेपासून तसं आहे. मला आता त्यांच्यातलं कोण चांगलं ते कळत नाही, ते तू मला शिकवलंस. तू भर.”

त्यांनी पेन्सिल पुढे केली. निळे टोक माझ्याकडे होते.

मी पेन्सिल घेतली आणि तसाच बसलो. आजची मंडळी चार पावले पुढे आहेत म्हणून ज्याने वर्षानुवर्षे घसा कोरडा केला, त्याला पाच नावे सुचायला हवी होती. दोन सुचली. तीही संध्याकाळच्या जागेवर ऐकलेली, म्हणजे आता नवी नव्हेत. गेल्या वर्षीची ती गायिका? तिचे पूर्ण नाव आठवेना. दुपारची पहिली जागा मी शेवटची कधी ऐकली? तास, परीक्षेची कामे, रहदारी. मी मांडवात पोचतो तो सहा वाजता, दिवे लागल्यावर, मोठी नावे सुरू होताना. ती पहिली जागा ऐकत आले ते नाना. तीन वाजल्यापासून. फुल्या मारण्यासाठी का होईना, पण संपूर्ण ऐकत आले.

“सुचेना?” नानांनी विचारले.

“बघतो,” मी म्हणालो. “जरा विचार करून लिहितो.”

कागद माझ्या टेबलावर काचेखाली आहे. यंदाची यादी अजून यायची आहे. नाना मधूनमधून चौकशी करतात, भरलास का म्हणून. बुधवारी दुपारी माझे द्वितीय वर्षाला लागोपाठ दोन तास असतात. ते सकाळी बदलून मिळतील का, म्हणून विभागात अर्ज दिला आहे. कारण काय लिहावे ह्याचा बराच विचार केला, आणि शेवटी ‘वडिलांची प्रकृती’ असे लिहिले. नानांना ते कळले तेव्हा त्यांनी अर्जाची प्रत मागून घेतली, ‘वडिलांची प्रकृती’ ह्या शब्दांवर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाले, “खोटं लिहू नकोस. गाण्याला जायचंय असं लिही. मिळतील किंवा नाही मिळणार.”